आधी आईची टेस्ट, मग तुझी

पत्र:

"ताई, मी ३६ वर्षांची, मिरजेला बँकेत आहे. तीन बहिणींत मी मधली, आमच्या पाठीवर एक भाऊ. आई ६२ ची. मागच्या वर्षी तिला ओव्हरीचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज, ऑपरेशन झालं, किमो झाली, शेवटची किमो होऊन तीन आठवडे झाले आणि डॉक्टर म्हणतात रिस्पॉन्स छान आहे. आता ते आईची बीआरसीए टेस्ट करा म्हणतायत. आईची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, ४३ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरने गेली. आजी पोटात पाणी होऊन गेली म्हणतात, नक्की काय ते कुणाला माहीत नाही. एक मामा आहे इचलकरंजीला, तो ठणठणीत आहे. आणि ह्याच वर्षी मावशीच्या मुलीला, वय ५२, ब्रेस्टमध्ये छोटी गाठ आली. काखेत काही नाही, रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह, हर-टू २ प्लस, मग फिश निगेटिव्ह. मग गाठीचा नमुना अमेरिकेला पाठवून २१ जीन्सची टेस्ट केली, स्कोअर १४ आला आणि किमो नको म्हणाले. म्हणजे तिच्या जीन्स तपासून चांगल्या आल्या ना? मग आमच्याही चांगल्याच असणार, आईची टेस्ट कशाला? भाऊ म्हणतो लुटायचे धंदे. मोठी ताई (४१) म्हणते कळून करायचं काय. धाकटीचं (२७) लग्न ठरतंय म्हणून घरात विषय काढायला बंदी. जाऊबाई म्हणतात साखर बंद केली की म्युटेशन आपोआप जातं. मी गुपचूप माझीच टेस्ट करून मोकळी होऊ का? - मधली"

मधले, तुझं पत्र वाचताना माझी नजर अडकली ती 'तीन आठवडे' ह्या दोन शब्दांवर. बाकीचं आरामात बोलू, पण हे आधी. गुपचूप स्वतःची टेस्ट करायला जाऊ नकोस. आईची करा, आणि ह्याच आठवड्यात रक्त द्या.

कारण ही टेस्ट तुम्हा पोरांसाठी नंतर, आधी ती आईच्या औषधासाठी आहे. डॉक्टरांनी हे सांगितलंही असेल, पण किमोच्या शेवटच्या दिवशी कुणाच्या डोक्यात काय शिरतं. ओलॅपरिब नावाच्या गोळ्या असतात. पुढच्या स्टेजचा ओव्हरीचा कॅन्सर, पहिल्या किमोला चांगला रिस्पॉन्स आणि बीआरसीए ह्या जीनमध्ये म्युटेशन म्हणजे बिघाड, हे तिन्ही जुळलं तर ह्या गोळ्या साधारण दोन वर्षं देतात. २०१८ मध्ये ह्याची मोठी ट्रायल छापून आली, त्यात गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये आजार पुन्हा वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी दिसला, आणि ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये असला आकडा ऐकायची आम्हाला सवयच नव्हती. त्या ट्रायलमध्ये शेवटच्या किमोपासून ८ आठवड्यांच्या आत बायकांना घेतलं होतं. तुमचे ३ गेले. रिपोर्ट यायला ३-४ सहज लागतात. तू बँकेत आहेस, हिशोब तूच कर.

गोळ्या महाग आहेत, ते लपवत नाही. पण महाग आहेत म्हणून टेस्टच नको हे उलटं झालं, आधी लागू पडतात का ते तर कळू दे, मग खर्चाचं डॉक्टरांना तोंडावर विचारायचं, काही मदत योजना आहे का, दुसरा पर्याय आहे का, लाजायचं नाही. भावाला एवढंच सांग की ओव्हरीच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये दर पाच-सहा बायकांमागे साधारण एकीला हे जन्मजात म्युटेशन सापडतं, त्यामुळे घरात दुसरं कुणी आजारी नसलं तरी ही टेस्ट सांगतातच. तुमच्या घरात तर रांग लागलीय.

आता ते म्युटेशन म्हणजे काय आणि गोळ्या त्यात काय करतात ते सांगते, हे कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

लोक मला विचारतात 'मला तो बीआरसीए जीन आहे का हो', तर आहे, सगळ्यांना आहे, तुला, मला, तुझ्या भावाला, खिडकीत बसलेल्या मांजरालासुद्धा त्याचा भाऊबंद आहे. प्रश्न तो धड आहे का मोडका एवढाच. बीआरसीए-वन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, बीआरसीए-टू १३ नंबरच्या, आणि दोघांचं काम दुरुस्तीचं. पेशी दुभंगताना डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले तर ते नीट सांधायचं काम ह्यांचं. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून, म्हणजे समज प्रत्येक पेशीत दोन मिस्त्री आहेत. जन्मतःच एक मिस्त्री गैरहजर असेल तरी दुसरा सगळं सांभाळतो, म्हणून अशी बाई तीस-चाळीस वर्षं एकदम ठणठणीत असते. मग कधीतरी ब्रेस्टच्या किंवा ओव्हरीच्या एखाद्याच पेशीत दुसराही मिस्त्री जातो, आणि तिथे चुका साठायला लागतात. हा दोन धक्क्यांचा हिशोब आल्फ्रेड नडसन ह्यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून मांडला होता, वेगळा जीन, पण गणित हेच. घराण्यातून आलेला कॅन्सर लवकरच्या वयात का येतो ते ह्यात आहे, एक धक्का आधीच बसलेला असतो ना. तुझी मावशी ४३ ला गेली, ते वय मला म्हणून खटकलं.

आणि गोळी काय करते, तर दोन्ही मिस्त्री गेलेली कॅन्सरची पेशी जगते ती तिसऱ्या एका कामचलाऊ माणसावर, पार्प नावाचं प्रोटीन, ते किरकोळ ठिगळं लावतं. गोळी त्याचा हात धरून ठेवते. आता कॅन्सरच्या पेशीला कुणीच उरत नाही आणि ती मरते, बाकीच्या शरीरात मात्र एक मिस्त्री शाबूत असतो म्हणून ते तगतं. २००५ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. मी तेव्हा लॅबमध्ये होते, आम्ही ते पेपर झेरॉक्स करून एकमेकींना दिले होते, इतकं ते भारी वाटलं होतं.

मोडका म्हणजे किती मोडका असं विचारशील तर बऱ्याचदा अगदी जराशी चूक असते. डीएनएची अक्षरं पेशी तीन-तीनच्या गटात वाचते. पहिलीतल्या पोराला वाचायला देतात तसं घे, 'कमळ बदक गवत सरळ'. ह्यातली सलग दोनच अक्षरं, ळ आणि ब, गळाली आणि वाचायची रीत तीच ठेवली तर होतं 'कमद कगव तसर ळ'. पुढचं सगळं बोंबललं. बीआरसीए-वनमध्ये अगदी सुरुवातीलाच अशी दोन अक्षरं गळालेलं एक म्युटेशन आहे, ते पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घराण्यांत सुमारे शंभरात एकाला सापडतं म्हणून प्रसिद्ध झालं, पण भारतातल्या कुटुंबांतही ते पुन्हापुन्हा सापडलंय. जीनची हजारो अक्षरं, त्यातली दोन नाहीत, आणि प्रोटीन अर्ध्यातसुद्धा जात नाही.

आता तुझ्या मावसबहिणीचा रिपोर्ट, कारण सगळा घोळ तिथेच झालाय आणि त्यात तुझी काही चूक नाही. दोन्हीकडे जीन, जीन, जीन लिहिलेलं असतं, माणूस समजणार काय.

तिची तपासली ती गाठ. तुझ्या आईचं तपासायचंय ते रक्त. गाठीत काय बिघडलं हे एक आणि जन्माला येताना काय घेऊन आलो हे दुसरं. गाठीतले बहुतेक बिघाड त्या गाठीतच जन्मतात, तिथेच राहतात, ना ते मुलांना जात ना मावसबहिणीला. भावाला विचार सिगरेट ओढतो का (मिरजेत असून ओढत नसेल तर आनंद आहे). २०१६ मध्ये एक हिशोब आला होता, रोज एक पाकीट वर्षभर ओढलं तर फुफ्फुसाच्या एकेका पेशीत सरासरी १५० म्युटेशन्स वाढतात. ती त्याची स्वतःची कमाई, पोरांच्या नावावर होत नाही. आईच्या बाबतीत शंका आहे ती वारसाहक्काच्या म्युटेशनची, जे शरीराच्या प्रत्येक पेशीत असतं म्हणून साध्या रक्तात किंवा थुंकीतही दिसतं.

मी १९ वर्षं लॅबमध्ये हेच केलं म्हणून जरा डोळ्यासमोर आणून देते. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, पोस्टाच्या तिकिटाएवढा ठोकळा होतो. त्याचा मायक्रोटोमवर काप काढायचा, केसाहूनही कितीतरी पातळ, आणि तो कोमट पाण्यावर सोडायचा, तिथे तो दुधावरच्या सायीसारखा पसरतो, मग काचेवर अलगद उचलायचा. त्यावर हर-टूचा (हा एक जीन, त्याचं प्रोटीन पेशीच्या कडेवर बसतं) रंग चढवला की पेशीभोवती तपकिरी कड येते. ३ प्लस म्हणजे ती कड शाईच्या पेनाने गिरवल्यासारखी, एकीने पाहिल्यावर दुसरीला हाक मारायची गरज नाही. २ प्लस म्हणजे पेन्सिलीची रेघ. आहे पण आणि नाही पण. म्हणून मग फिश, म्हणजे जीनच्या प्रती मोजायची टेस्ट. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत बसायचं, मायक्रोस्कोपखाली निळ्या निळ्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीत हिरवे आणि लालसर ठिपके. हिरवा १७ नंबरच्या क्रोमोसोमची खूण, लालसर हर-टू जीनची. दोनाला दोन असले की जीनच्या प्रती नॉर्मल आहेत. पॉझिटिव्ह गाठीत लाल ठिपके मोजायला जावं तर डाळिंब फोडल्यासारखे गच्च, मोजणार काय डोंबल. निदान २० पेशी मोजायच्या असतात आणि मी नवीन असताना मान इतकी आखडायची की घरी गेल्यावर नवरा तेल लावून द्यायचा. असो. तर हर-टूमध्ये स्पेलिंग बहुतेकदा बरोबर असतं, फक्त गाठीत त्याच जीनच्या झेरॉक्स निघालेल्या असतात. त्यावर १९९८ पासून औषध आहे, ट्रॅस्टुझुमॅब, पण फिश निगेटिव्ह म्हणजे तुझ्या बहिणीला त्याची गरज नाही. साधारण १०० ब्रेस्ट कॅन्सरमध्ये १५-२० पॉझिटिव्ह असतात, बाकीच्या तिच्यासारख्याच.

राहिली २१ जीन्सची टेस्ट. तिथे म्युटेशन बघतच नाहीत! तिथे बघतात कोणता जीन किती जोरात चालू आहे, ज्याला एक्स्प्रेशन म्हणतात. समज एक मोठी चाळ आहे, वीस हजार खोल्यांची, माणसात प्रोटीन बनवणारे जीन्स साधारण तेवढेच आहेत. डोळ्याची पेशी असो नाहीतर यकृताची, चाळ तीच, खोल्या त्याच. रात्री रस्त्यावर उभं राहून बघितलं तर कुठल्या खिडकीत दिवा आहे आणि किती मोठा आहे ह्यावरून ओळखायचं ही पेशी काय करतेय. दिवा म्हणजे त्या जीनवरून कामापुरती काढलेली नक्कल, आरएनए. ह्या टेस्टमध्ये १६ खोल्यांचे दिवे बघतात, काही पेशींच्या भराभर वाढण्याचे, काही हॉर्मोनचे, एक-दोन आजूबाजूला पसरण्याचे, आणि शिवाय ५ खोल्या अशा घेतात ज्यांचा दिवा कायम चालूच असतो. त्या कशाला, तर सगळ्या चाळीचा व्होल्टेजच कमी असेल, म्हणजे मेणातला तुकडा जुना होऊन आरएनए खराब झाला असेल, तर ह्या पाचांवरून कळतं आणि बाकीच्यांचा हिशोब त्या मानाने लावता येतो. मला हे पाचचं प्रकरण फार आवडतं, आणि नेमकं तेच कुणी कुणाला सांगत नाही. ह्यातून ० ते १०० असा एक आकडा निघतो, गाठ परत येण्याच्या शक्यतेचा. २०१८ मध्येच १०,००० हून जास्त बायकांच्या ट्रायलचा निकाल आला, हॉर्मोन पॉझिटिव्ह (तुझ्या बहिणीचं ईआर पॉझिटिव्ह ते हेच), हर-टू निगेटिव्ह, काखेत काही नाही अशा बायकांची, त्यात ११ ते २५ स्कोअर असलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना किमो देऊन वर काही फायदा दिसला नाही, हॉर्मोनच्या गोळ्या पुरल्या. तुझी बहीण ५२ ची, स्कोअर १४. डॉक्टर चुकलेले नाहीत, पोरीची किमो वाचली. मात्र त्या १४ आकड्यात तुझ्याबद्दल, आईबद्दल एक अक्षर नाही. ती टेस्ट बीआरसीए बघतच नाही. रक्ताची टेस्ट तिचीही राहिलीय, मावशीची मुलगी आहे ती.

बरं, आईच आधी का, तूच का नको. माझ्या ओळखीतल्या एका घरात झालेलं सांगते. आईला ब्रेस्ट कॅन्सर, थोरल्या मुलीने घाईघाईने स्वतःची टेस्ट करून घेतली, स्वस्तातली, फक्त दोन बीआरसीएची, आली निगेटिव्ह, घरात पेढे वाटले. दोन वर्षांनी आईची मोठ्या पॅनेलची, म्हणजे एकदम बऱ्याच जीन्सची, टेस्ट झाली आणि म्युटेशन निघालं पीएएलबी-टू नावाच्या जीनमध्ये, तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मुलीची पुन्हा टेस्ट, पॉझिटिव्ह. म्हणजे ती दोन वर्षं एमआरआय न करता निर्धास्त होती, काही झालं नाही हे नशीब. हरवलं काय हेच माहीत नसताना शोधलं की असं होतं. म्हणून जिला आजार झालाय तिचं आधी आणि पूर्ण पॅनेल. लॅबला विचारायचं की मोठे तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले असतील तर तेही बघता का, त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी टेस्ट असते, कारण काही टेस्ट्स फक्त स्पेलिंग तपासतात आणि पानच्या पान फाटलेलं त्यांना दिसत नाही. आईमध्ये एकदा नेमकी जागा सापडली की तुम्हा चौघांची फक्त तेवढीच जागा तपासायची, ते खूप स्वस्तात होतं, आणि मग तुझं निगेटिव्ह हे खरंखुरं निगेटिव्ह, तेव्हा काय ते पेढे वाटा.

आईमध्ये काहीच निघालं नाही तर? तर तुमची टेस्ट करून उपयोग नाही, पण मावसबहिणीची तरीही करा आणि पत्रातली रांग बघता डॉक्टरांकडे नाव लावून ठेवा. आणि तिसरा एक निकाल येतो जो सगळ्यात जास्त रडवतो, व्हीयूएस. म्हणजे स्पेलिंग वेगळं आहे पण त्याने बिघडतं का ते अजून कुणाला ठाऊक नाही. जगातली माहिती जास्त करून युरोपियन वंशाच्या लोकांची जमा झालीय म्हणून आपल्याकडे हे जास्त येतं. व्हीयूएसवर कुणी ऑपरेशन करा म्हणालं तर चपला घालून बाहेर यायचं. त्यातले बहुतेक पुढे निरुपद्रवी ठरतात, दोन-तीन वर्षांनी लॅबला फोन करून विचारायचं बदललं का.

मोठ्या ताईच्या 'कळून करायचं काय' ला मात्र मी हसणार नाही, हा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, फक्त तिने तो उत्तर नको म्हणून विचारलाय. करण्यासारखं आहे. २०१७ मध्ये जवळजवळ १०,००० म्युटेशनवाल्या बायकांचा अभ्यास आला, बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या, त्यात ८० वयापर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता बीआरसीए-वनला ७२ टक्के आणि टू ला ६९, ओव्हरीची वनला ४४ आणि टू ला १७. ब्रेस्टवर लक्ष ठेवता येतं, दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफीही. ओव्हरीवर तसं ठेवता येत नाही, हे लोकांना पटत नाही पण दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची टेस्ट करून जीव वाचतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही. म्हणून मुलंबाळं झाली की बीआरसीए-वन असेल तर ३५ ते ४० आणि टू असेल तर ४० ते ४५ च्या दरम्यान ओव्हरी आणि ट्यूब काढून टाकायचा सल्ला देतात. ताई ४१ ची आहे. तिला हे घड्याळ माहीत असावं एवढंच माझं म्हणणं, टेस्ट तिने करायची का नाही ते तिचं तिने ठरवू दे, हात धरून नेऊ नका. फक्त आईचा निकाल तिच्यापासून लपवायचा नाही. अँजेलिना जोलीचं उदाहरण कुणीतरी देईलच, तिची आई ५६ व्या वर्षी गेली, तिने २०१३ मध्ये दोन्ही ब्रेस्ट काढल्याचं सांगितलं, २०१५ मध्ये ओव्हरी काढल्याचं. तिचं तिला योग्य. तिचं बघून कुणी उद्या सर्जनकडे धावायचं नाही आणि 'ती नटी, तिला परवडतं' म्हणून उडवूनही लावायचं नाही.

धाकटीच्या लग्नाबद्दल मी तुमच्या आईबाबांना चालणार नाही असं बोलणार आहे. विषयावर बंदी घालून काही होत नाही, ज्यांच्या घरात किमो झाली त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांना ते कळलेलंच असतं. पण स्थळ आलंय म्हणून तिची घाईघाईत टेस्ट करणं त्याहून वाईट. २७ ला घाई नाही, ओव्हरीचा प्रश्न अजून सात-आठ वर्षं तरी नाही, पॉझिटिव्ह निघाली तर एमआरआय एवढंच सुरू होईल. टेस्ट ती तिच्या वेळेने करेल, आणि जे निघेल ते लग्न करायच्या मुलाला ती स्वतः सांगेल, समोर बसून, तिला हवं तेव्हा, पण लग्नाआधी. मध्यस्थाने नाही, आत्याने नाही, बायोडेटावर तर नाहीच नाही. आणि त्याने विचारलं की मुलांना येईल का, तर खरं उत्तर द्यायचं, प्रत्येक मुलाला नाणं उडवल्यासारखं, निम्मी शक्यता. तो जर ह्यावर पळाला तर पळू दे गं, त्याच्या घरात काय आहे ते त्याने तरी कुठे तपासलंय.

जाऊबाईंना नमस्कार सांग. कॅन्सरच्या पेशी साखर वखवखून खातात हे खरं, पेट स्कॅनमध्ये जे चमकतं ते त्याचमुळे, कारण इंजेक्शनमध्ये किरणोत्सर्गी साखरच असते. तिथून ही अफवा निघाली. पण जन्मतःच गळालेली दोन अक्षरं चहा बिनसाखरेचा घेऊन परत येत नाहीत. आईला किमोनंतर वजन भरून काढायचंय, तिला तिची खीर खाऊ द्या.

आता तुझं काम. एक मोठा कागद घे, कॅलेंडरची मागची बाजू चालेल. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, कॅन्सर झालेला आतून रंगवायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ. खाली तुम्ही चौघं, वर आईची भावंडं, वर आजी आणि तिची भावंडं. प्रत्येकाच्या खाली कुठला आजार आणि तो कळला तेव्हाचं वय. वय सोडू नकोस, ते सगळ्यात महत्त्वाचं. मेरी-क्लेअर किंग नावाच्या बाईंनी १९७४ पासून हेच केलं, एका जीनमुळे ब्रेस्ट कॅन्सर येतो ह्यावर कुणी फारसा विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा, २३ कुटुंबं, १४६ पेशंट, आणि ज्या घरांत लवकरच्या वयात आजार होता ती घरं वेगळी काढून मांडली तेव्हा कुठे १९९० मध्ये १७ नंबरच्या क्रोमोसोमवर बोट ठेवता आलं. जीन हातात यायला १९९४ उजाडलं. त्यानंतर एका कंपनीने त्यावर पेटंट घेऊन बसावं आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये 'निसर्गातल्या डीएनएवर पेटंट नाही' म्हणून ते मोडावं ही वेगळीच रामकहाणी, पण टेस्ट आज तुझ्या आवाक्यात आली त्यात तिचाही वाटा आहे.

आजीसमोर 'पोटात पाणी' असंच लिही, आपल्याकडच्या जुन्या बायका पोटात पाणी होऊन किंवा 'गाठ होऊन' जायच्या, त्यात किती ओव्हरीच्या असतील देव जाणे, कारण हा कॅन्सर पसरला की पोटात पाणीच होतं. कावीळ, टीबी, काहीही असू शकतं, पण समुपदेशन करणारी व्यक्ती तो शब्द बघून थांबते. मुंबईत टाटा मेमोरियलची कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे, महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरलात तर परळ काही लांब नाही, पण आत्ता तेवढ्यासाठी थांबू नका, रक्त मिरजेतूनच पाठवता येतं, तुमच्या डॉक्टरांकडूनच पाठवा. कागद घेऊन नंतर निवांत जा.

आणि मामा. पत्रात तू त्याला एका ओळीत निकालात काढलंस, ठणठणीत आहे म्हणून. हे म्युटेशन पुरुषांनाही तितकंच येतं, त्यांना त्याचा त्रास कमी, पण अगदीच नाही असं नाही, बीआरसीए-टू असेल तर प्रोस्टेटचा धोका वाढतो आणि पुरुषांनाही ब्रेस्ट कॅन्सर होतो. मुख्य म्हणजे मामा ठणठणीत राहून ते पुढे देऊ शकतो. तुझा भाऊही तसाच. त्याला मुली झाल्या तर त्यांच्या कागदावर बापाचा चौकोन कोरा दिसेल आणि सगळे म्हणतील बापाच्या बाजूने काही नाही. तू लिहिलं नाहीस पण मामाला मुली असतील तर त्या तुझ्याच वयाच्या असणार. आईचा निकाल आला की रविवारी मामाला फोन कर. फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, फोन कर, आणि मामीलाही स्पीकरवर घे.